सिग्नलला बंद पडणारी गाडी

आमच्या सासूबाई भर चौकात गाडीतून उतरल्या आणि पर्स सावरत चालत घरी आल्या, त्याला त्या शनिवारी सहा दिवस झाले होते. मागे सतरा वाहनं खोळंबली होती म्हणे. सतरा हा आकडा त्यांचाच. त्या मोजायला थांबल्या असतील यावर माझा विश्वास नाही, पण आमच्या घरात त्यांचे आकडे खोडायची पद्धत नाही.

गाडी सासऱ्यांची. दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांबच लांब बॉनेटची आणि माझ्या नवऱ्याहून तीन वर्षांनी मोठी. लाडही तिचेच जास्त झाले, असं नवरा म्हणतो. दर रविवारी दुपारी बाबा आईंना घेऊन पुलापलीकडच्या तळ्यावर जायचे, गाडीतच बसून थर्मासमधला चहा प्यायचे आणि परत यायचे. चाळीस वर्षांत हा नेम मोडला तो दोन बाळंतपणांपुरता. गेल्या चार महिन्यांपासून मात्र गाडीचं तंत्र बिघडलं होतं. पेडलवरून पाय काढला की ती थरथरायची, सिग्नलला उभी राहिली की तापायची आणि खोकून बंद पडायची.

"मी त्या गाडीत पुन्हा बसणार नाही," आईंनी जाहीर करून टाकलं. नवऱ्याला तेवढंच हवं होतं. गाडी विकायची म्हणून त्यानं येत्या सोमवारी सकाळी एक माणूस बघायला बोलावला. मला वाटलं, बाबा आता घर डोक्यावर घेणार. ते नुसतेच म्हणाले, "ती बसणार नसेल, तर मी तरी गाडी ठेवून काय करू?"

मी हॉस्पिटलात नर्स आहे. हट्टी माणसं मला रोज भेटतात, त्यांचं काही वाटत नाही. हट्टी माणूस हट्ट सोडतो तेव्हा मात्र मी आधी त्याची नाडी बघते. शनिवारी ड्युटी संपल्यावर मी कपडेही न बदलता गॅरेजमध्ये गेले.

बाबा स्टुलावर बसून गाडीकडे बघत होते. प्लग बदलून झाले होते, पॉइंट बदलून झाले होते, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला होता. बंद पडली की उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणारा आयडलचा स्क्रू जरासा आवळायचा, एवढा एकच उपाय उरला होता. तोही आवळून आवळून इतका आत गेला होता की गिअर टाकला की गाडी उडी मारायची.

"आणि हे हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचे स्क्रू," बाबा म्हणाले, "कितीही फिरव, पालथ्या घड्यावर पाणी. इंजिनाला फरकच पडत नाही."

"ही नळी कसली?" मी विचारलं. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला बशीहून लहान अशी पत्र्याची एक डबी होती आणि तिच्यातून एक बारीक रबरी नळी इंजिनाकडे गेली होती.

"तो व्हॅक्यूम अॅडव्हान्स. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं डबीतला पडदा सरकतो आणि ठिणगी थोडी लवकर पडते. मग उभ्या गाडीचं इंजिन शांत चालतं, तापत नाही."

"आणि हे काम करतंय?"

"करायलाच हवं. नळी नवी आहे. मी स्वतः घातली उन्हाळ्याच्या आधी."

ज्याच्यावर कुणाला संशय नाही त्याच्यावर पहिला संशय घ्यायचा, हे मी वॉर्डात शिकले. इंजिन चालू करायला लावलं. ठिणगी कधी पडते ते दाखवणारा टायमिंगचा दिवा बाबांनी पुलीवरच्या खुणेवर धरला. मी नळी काढली. खूण सरकायला हवी होती, पण जागची हलली नाही. नळी लावली, तरी हलली नाही.

बाबा दिव्याकडे बघायला लागले, जणू दोष त्याचाच.

नळीचं इंजिनाकडचं टोक मी काढलं आणि इंजिनाच्या त्या भोकावर अंगठा ठेवला. अंगठा चटकन ओढला गेला. म्हणजे ओढ होती. गाडी बंद केली. पर्समधली मोठी सिरिंज काढून डबीला जोडली, दट्ट्या मागे ओढून धरला आणि मनात साठपर्यंत मोजलं. आतली पट्टी सरकली आणि सरकलेलीच राहिली. म्हणजे पडदाही शाबूत.

"ओढणारा ठीक, ओढला जाणारा ठीक," मी म्हटलं, "मग भांडण मधल्याचं." नळी तोंडाला लावून जोरात फुंकली. माझे गाल फुगले, पण पलीकडून वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चार महिने अख्खं इंजिन धुऊन काढलं आणि दोष या वीतभर नळीत.

मी घरातून विणकामाची सुई आणली आणि नळीत घालून ढकलली. टप्पकन एक वस्तू बाबांच्या तळहातावर पडली. मेणात बुडवलेला कापडाचा छोटा बोळा, वर लाल दोऱ्याचे तीन वेढे.

तो कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती. आईंना जगातलं काहीही उघडं बघवत नाही. त्यांच्याकडे लाल दोऱ्याच्या बोळ्यांचा डबाच आहे. तेलाच्या बाटलीपासून भिंतीतल्या खिळ्याच्या भोकापर्यंत सगळ्यांना मापाप्रमाणे बोळे.

बाबांनी बोळा बोटांत फिरवून बघितला. मग हळूहळू आठवत गेले. टायमिंग लावताना नळी काढून तिचं तोंड बंद करावं लागतं. तेव्हा त्यांनी नेहमीसारखी त्यात पेन्सिल खुपसली होती. तेवढ्यात फोन आला. परत येऊन बघतात तर पेन्सिल नाही. आपणच काढली असेल, म्हणून त्यांनी नळीच्या तोंडात न बघताच ती डबीवर चढवून टाकली. बोळा ढकलला गेला, आत बसला.

"चाळीस वर्षं मी समजतोय, तिला ही गाडी डोळ्यांसमोर नको," बाबा म्हणाले. "आणि ही बाई माझ्यामागून येऊन बघते, की इंजिनात धूळ जाऊ नये." त्यांनी तो बोळा जपून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "तिला यातलं काही सांगायचं नाही. समजलं?"

समजलं. आईंना नाहीच सांगितलं, पण माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

मोकळी नळी लावताच इंजिन एकदम जोरात पळायला लागलं. बाबांनी आयडलचा स्क्रू एकेक आटा मागे घेतला. आता मिक्स्चरचे स्क्रूही बोलू लागले. जरा फिरवला की सूर बदलायचा. शेवटी त्यांनी एअर फिल्टरच्या झाकणावर पाण्याचा पेला ठेवला. पाणी शहारत होतं, सांडत नव्हतं. सोमवारच्या माणसाला येऊ नका म्हणून मीच कळवलं, नवऱ्याला न विचारता.

रविवारी दुपारी बाबांनी आईंना चला म्हटलं नाही. फक्त गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणून उभी केली. पाच मिनिटांनी आई बाहेर आल्या.

"पडली ना बंद?"

"चालू आहे."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि थर्मास आणायला आत गेल्या. मी मागच्या सीटवर बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

त्याच चौकात तोच सिग्नल लाल झाला. गाडी उभी राहिली आणि उभीच राहिली, गुरगुरत, मजेत. तापमानाच्या काट्यानं अर्ध्याच्या वर मान काढली नाही.

"काय झालं होतं हिला?" आईंनी विचारलं.

"माझाच वेंधळेपणा," बाबा समोर बघत म्हणाले. "नळीत पेन्सिल राहिली होती."

"मी काही बोळ्यानं दूध पीत नाही. पेन्सिल राहील कशी? ती मी काढून घेतली, याद्या लिहायला. तिच्या जागी चांगला घट्ट बोळा..."

आई थांबल्या. मी खिडकीबाहेर बघू लागले. इंजिन मात्र अगदी नीट चालत होतं.

"तो तुम्ही काढला असेल ना, तेव्हाच?" त्यांनी हळूच विचारलं.

"काल," बाबा म्हणाले.

आईंनी पर्स उघडली. आत चाचपून बोटभर पेन्सिल काढली आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"पुढच्या वेळी मला हाक मारा," त्या म्हणाल्या. "मी नळीवर बोट धरून उभी राहीन."

सिग्नल हिरवा झाला होता. मागून हॉर्न वाजायला लागले, बहुधा सतराच असतील, पण बाबांना गिअर टाकायची काही घाई दिसेना.