दोन चौकट म्हणजे बदाम

मी दोन चौकट बोलतोय. नाव ऐकून तुम्ही मला बावन्न पानांतली चौकटची दुर्री समजाल, म्हणून आधीच सांगतो, ती मी नव्हे. तिच्याशी माझं वैर नाही. पण ती खेळायची आणि मी बोलायचा. मी बोलीचा पत्ता आहे.

ब्रिज खेळताना चौघांनाही तोंड बंद ठेवावं लागतं. आपल्या हातात काय आलंय हे समोर बसलेल्या जोडीदाराला सांगायचं ते आमच्यामार्फत. प्रत्येकाच्या उजव्या हाताशी प्लास्टिकची एक डबी असते. तिच्यात आम्ही ओळीनं उभे. हवा तो पत्ता काढून टेबलावर मांडला की बोली झाली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कापलं, छापलं, वरून चकचकीत प्लास्टिक चढवलं आणि खोक्यात भरलं, एवढंच आठवतं. खोकं उघडलं ते नवीन जालन्यात, स्टेशनपासून जवळ, एका आडत दुकानाच्या माडीवर. दर रविवारी दुपारी तिथे पाचसहा टेबलं लागायची. खाली पोत्यांची चढउतार, वर चहा आणि ब्रिज. आम्हाला मागवलं होतं वामनरावांनी आणि मला ज्या डबीत बसवलं ती गेली फकरोद्दीनभाईंच्या हाताशी.

आता माझं खरं काम सांगतो, कारण माझं सगळं सुखदुःख त्यातच आहे. जोडीदारानं ‘वन नो-ट्रम्प’ अशी सुरुवात केली, म्हणजे ‘माझा हात चारी बाजूंनी भक्कम आहे, हुकूम कोणताच ठरवत नाही,’ की माझी पाळी येते. तेव्हा मला मांडलं तर माझा अर्थ चौकट नसतो. माझा अर्थ असतो, ‘माझ्याकडे बदामाची निदान पाच पानं आहेत, आता तू बदाम बोल.’ जोडीदारानं मुकाट्यानं दोन बदाम बोलायचं. मग डाव खेळतो भक्कम हाताचा माणूस आणि त्याची पानं झाकलेली राहतात. टेबलावर उघडी पडतात ती दुबळ्या हाताची.

याला ट्रान्सफर म्हणतात. अंगावर चौकट छापलेली आणि पोटात बदाम. लबाडी म्हणू नका हं. विरुद्ध जोडीनं विचारलं तर अर्थ उघड सांगावा लागतो. फक्त जोडीदाराला आठवण पाहिजे. सगळा भरवसा तेवढ्यावर.

आणि या दोघांचा भरवसा काय सांगू! फकरोद्दीनभाईंचं परतूरला पंप-मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, वामनराव पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. तरुणपणी दोघं जालना-परतूर रेल्वेनं रोज अपडाउन करायचे, गुडघ्यांवर टॉवेल पसरून मेंढीकोट खेळायचे. तिथली ओळख. पुढे वामनराव ब्रिज शिकून आले आणि पहिला शिष्य केला तो फकरोद्दीनभाईंनाच. हे मी टेबलावर ऐकलेलं. मी आलो तेव्हा दोघांचेही केस पांढरे झाले होते.

वामनराव वन नो-ट्रम्प मांडायचे. फकरोद्दीनभाई दोन बोटांनी मला उचलायचे. वामनराव मोठ्यानं ‘ट्रान्सफर’ म्हणायचे, विरुद्ध जोडीला कळावं म्हणून तेवढा एक शब्द बोलायचा नियमच आहे, आणि आपल्या डबीतून दोन बदाम काढायचे. कुणी मान वर करायचं नाही. माझ्या पोटातली गोष्ट न सांगता ओळखणारा माणूस समोर बसलाय, याचं सुख मला दर रविवारी मिळायचं. मी थोडा मिजासखोर झालो होतो, हेही कबूल.

वामनराव नियमाला फार कडक. नव्या लोकांना शिकवताना पहिलं वाक्य हेच: ‘‘जोडीदाराचा पत्ता वाचायचा, चेहरा वाचायचा न्हाई. त्याचं खोकणं, हसणं, डोळे बघून बोली केली तर ती चोरी झाली.’’ एकदा त्यांनी स्वतःच्याच बायकोला, रजनीताईंना, भुवई उंचावली म्हणून सगळ्यांदेखत टोकलं होतं. त्या पुन्हा माडी चढल्या नाहीत.

मग तो दिवस आला. दोनेक वर्षं झाली असतील. वामनरावांनी वन नो-ट्रम्प मांडलं. मी फकरोद्दीनभाईंच्या हातातली पानं बघत होतो. चौकटची लांबलचक रांग आणि बदाम एकुलता एक. मला वाटलं, आज मला सुट्टी. पण त्यांनी मलाच उचललं.

‘‘ट्रान्सफर,’’ वामनराव म्हणाले आणि त्यांनी दोन बदाम मांडले. फकरोद्दीनभाई त्या बदामाकडे बघत राहिले आणि पासचा पत्ता मांडून मोकळे झाले. त्यांची पानं टेबलावर उघडी झाली तेव्हा वामनरावांचा चेहरा उतरला. डाव वाईट बुडाला.

‘‘काय करून राह्यला फकरू? बदाम कुठंय?’’

‘‘बदाम कशाला? चौकट होती, चौकट म्हन्लो.’’

‘‘दोन चौकट म्हंजे बदाम! इतकी वर्षं खेळलास, आज सांगू का तुला?’’ वामनरावांचा आवाज इतका चढला की शेजारची टेबलं थांबली.

फकरोद्दीनभाईंनी मला हातात घेतलं, मागून पुढून पाहिलं. ‘‘ह्याच्यावर तर चौकटच लिव्हलंय,’’ ते म्हणाले. ते खरंच बोलले होते. खरं बोलून ते चुकले होते आणि मला त्यांच्या हातात लाजल्यासारखं झालं.

पुढे असं वरचेवर होऊ लागलं. कधी ते ट्रान्सफर विसरायचे, कधी पाळी कुणाची तेच विसरायचे. बियाण्यांचे व्यापारी रामप्रसादजी नेहमी शेजारच्या खुर्चीवर असायचे. ते एकदा हळूच म्हणाले, ‘‘वामनराव, संभाजीनगरच्या स्पर्धेला दुसरा जोडीदार बघा. फकरोद्दीनचाचाकडून आता व्हायचं न्हाई.’’ वामनरावांनी ‘नाही’ म्हटलं नाही, आणि ते मला लागलं.

त्याच संध्याकाळी आसिफा, फकरोद्दीनभाईंची सून, त्यांना न्यायला वर आली. सासरे हात धुवायला गेले तेवढ्यात ती वामनरावांजवळ येऊन उभी राहिली. ‘‘चाचा, अब्बांवर चिडू नका. विसरायचा आजार सांगितलाय डॉक्टरांनी. परवा स्वतःच्या दुकानाचा रस्ता भुलले. घरी कुणाचं नाव राहत न्हाई ध्यानात. पण इतवारचं बराबर राहतंय. सकाळपासून कपडे करून बसतात. इथं यायचं बंद झालं तर मंग त्यांच्याजवळ काय राहील?’’

वामनराव बराच वेळ आम्हा पत्त्यांना डबीत नीट लावत बसले. आम्ही आधीच नीट लागलेले होतो.

पुढच्या रविवारी बसल्या बसल्या ते म्हणाले, ‘‘फकरू, आजपासून ट्रान्सफर बंद. चौकट म्हंजे चौकट, बदाम म्हंजे बदाम.’’

‘‘कामून? बरं चाललं होतं की.’’

‘‘डोक्याला ताप नको या वयात. सोपं खेळू.’’

मग वामनराव प्रत्येक टेबलावर जाऊन सांगून आले, की आमच्या जोडीत दोन चौकटचा अर्थ यापुढे चौकटच धरावा. ज्यानं या गावात ट्रान्सफर आणलं त्यानंच सोडलं, म्हणून लोक हसले. मला हसू आलं नाही. मला राग आला होता. माझ्याजवळ होतं काय? तेवढा एक अर्थच ना? तो काढून घेतला आणि मी नुसता छापील तुकडा उरलो. त्या माणसाला टेबलावर ठेवण्यासाठी माझा बळी दिला गेलाय, हे कळत होतं. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

ही जोडी मग दर रविवारी गुणांत शेवटची येऊ लागली. वामनरावांना हरायची सवय नव्हती. ती त्यांनी लावून घेतली. रामप्रसादजींनी स्पर्धेचा विषय पुन्हा काढला तेव्हा मात्र ते ताडकन बोलले, ‘‘खेळलो तर ह्याच्यासंगं. न्हाईतर न्हाई.’’ माझा राग त्या दिवशी निम्मा उतरला.

आणि मग यंदाच्या हिवाळ्यातला तो रविवार. फकरोद्दीनभाई आल्यापासून हरवल्यासारखे होते. दोनदा त्यांनी चहावाल्याला वामन म्हणून हाक मारली. वामनरावांनी वन नो-ट्रम्प मांडलं. मी सवयीनं पानं बघितली. बदाम होते. मोठे, लांब, राजासकट. चौकटची दोनच किरकोळ पानं.

फकरोद्दीनभाईंचा हात डबीवर आला, थोडा फिरला आणि त्यांनी दोन बोटांनी मला उचललं.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. ट्रान्सफर बंद झालंय हे ते विसरले होते. जुनी रीत मात्र कुठून तरी वर आली होती. त्यांनी मला मांडलं आणि वामनरावांकडे बघितलं. डोळ्यांत अशी चमक, जी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. बघ, बराबर बोललो की न्हाई, असं ते डोळे म्हणत होते.

वामनरावांनी ते डोळे पाहिले. त्यांना सगळं समजलं, याची मला खात्री आहे. त्यांचा हात स्वतःच्या डबीकडे गेला, दोन बदामाच्या पत्त्यावर येऊन थांबला. मी मनात ओरडत होतो, काढा, काढा!

तेवढ्यात रामप्रसादजींनी विचारलं, ‘‘साहेब, या बोलीचा अर्थ?’’ त्यांचं काही चुकलं नाही. तो त्यांचा हक्कच.

जोडीत ठरलेला अर्थ चौकट होता. बदामाचं वामनरावांना कळलं होतं ते फक्त त्या डोळ्यांतून, आणि डोळे वाचायचे नसतात.

‘‘चौकट,’’ ते म्हणाले. त्यांनी बदामावरचा हात काढला आणि पासचा हिरवा पत्ता मांडला.

चमक विझली. वामनरावांची पानं टेबलावर उघडी झाली, त्यात चांगले चार बदाम. फकरोद्दीनभाई त्या बदामांकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. चौकटचा हुकूम धरून तो डाव त्यांनी कसाबसा खेळला आणि बुडवला.

‘‘वामन,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘दोन चौकट म्हंजे बदाम ना रे?’’

‘‘हो.’’

‘‘मंग तू बदाम कामून न्हाई बोल्लास?’’

ट्रान्सफर कधीच बंद केलं होतं, तूच विसरलास, असं सांगणं सोपं होतं. ते खरंही होतं. वामनरावांनी चष्मा काढला.

‘‘विसरलो रे फकरू. माझंच चुकलं.’’

फकरोद्दीनभाईंनी टेबलावरून हात लांब करून त्यांच्या हातावर ठेवला. ‘‘जाऊ दे. होतंय असं. उमर झाली आपली.’’ चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. रामप्रसादजी उगाच पत्ते पिसत बसले होते. त्यांनी मान वर केलीच नाही.

आसिफा न्यायला आली तेव्हा फकरोद्दीनभाई तिला बाजूला घेऊन म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं: ‘‘बेटा, वामन को पहले घर छोड. भूलने लगा है वो. अकेला मत जाने दे.’’

वामनराव निमूटपणे तिच्या गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर फकरोद्दीनभाई आले नाहीत. पडले, माकडहाड दुखावलं, आता जिना झेपत नाही, असं कानावर आलं. वामनरावही आले नाहीत. माझी डबी आता नव्या लोकांच्या हाताशी असते. हुशार पोरं आहेत, मोबाइलवर शिकून आलेली. ती मला ट्रान्सफर म्हणूनच मांडतात आणि समोरचा बरोबर दोन बदाम बोलतो. माझा अर्थ मला परत मिळाला. खरं सांगू? नको झालाय मला तो. चुकीच्या अर्थानं का होईना, त्या दोन बोटांनी मला पुन्हा एकदा उचललं पाहिजे होतं.

रामप्रसादजी सांगत होते, वामनराव दर रविवारी फकरोद्दीनभाईंच्या घरी जातात. पत्ते आता निघत नाहीत. नुसते बसतात. निघायची वेळ झाली की फकरोद्दीनभाई सुनेला हाक मारतात, की ह्याला घरी सोड, ह्याला रस्ता सापडायचा न्हाई. वामनराव स्वतःच्या स्कूटीवर आलेले असतात. पण ते ‘हो’ म्हणतात आणि आसिफाच्या गाडीत बसतात. सोमवारी सकाळी रिक्षानं जाऊन स्कूटी घेऊन येतात.

तुम्हाला ते दोघं कधी भेटले, तर माझी एवढीच विनंती आहे. फकरोद्दीनभाईंसमोर वामनरावांना काही जुनं विचारलंत तर ते ‘आठवत नाही’ म्हणतील. मानून घ्या.