बोटभर अंतर

मी एक कॉइल बोलतेय. खुर्चीच्या डाव्या अंगाला, लोखंडी हातावर ती काळी, चष्म्याच्या आकाराची वस्तू लटकलीय ना, तीच मी. बसा निवांत. उभ्याउभ्या ऐकण्यासारखी गोष्ट नाही ही, आणि मलाही आता भराभर बोलणं होत नाही. जीव शिणलाय.

माझ्या पोटात तांब्याची तार आहे, दोन वेटोळ्यांत घट्ट गुंडाळलेली. मागून मनगटाएवढी जाड केबल निघते ती शेजारच्या यंत्रात जाते. यंत्राने वीज सोडली की मी ‘टक’ करते. बस, एवढंच माझं शिक्षण. त्या एका टकसरशी चुंबकाचा जोर उठतो, कवटीतून आत शिरतो आणि मेंदूचा मरगळलेला कोपरा जरा हलवतो. चार सेकंदांत चाळीस वेळा टक, मग सव्वीस सेकंद विश्रांती, मग पुन्हा टक. असं अर्ध्या तासाच्या वर, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. माणूस पूर्ण जागा असतो. तरी प्रत्येक जण येतो तो हेच विचारत, “शॉक देणार का?” नाही हो, नाही. सांगून सांगून सिस्टरचं तोंड दुखलं.

माझ्याकडे सुखासुखी कुणी येत नाही. चार-चार प्रकारच्या गोळ्या खाऊन झाल्या, तरी सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकवत नाही, अशी माणसं येतात. त्यांच्या घरच्यांची बोलणी तर मला पाठ झालीयेत. “मनाला लावून घेऊ नकोस.” “जरा बाहेर फिरून ये.” “तुला कमी काय आहे?” कमी काय आहे ते कळलं असतं तर ती माझ्यापर्यंत आली असती का? पण मी कोण बोलणारी!

असो. मला सांगायचंय ते ताईंचं.

ताई कपडे शिवायच्या. स्वतःचं दुकान, गिऱ्हाइकांची रीघ. आणि मग चौदा महिने त्यांनी शिलाई मशीनला हात लावला नव्हता. यजमान शाळेची गाडी चालवायचे. मुलांना सोडून ते ताईंना घेऊन यायचे आणि बाहेर बाकावर बसून भिंतीवरची तीच ती सूचना वाचत राहायचे. ताई आत यायच्या, कानातले काढायच्या, पिना काढायच्या, सांगाल तिथे बसायच्या. डोळे उघडे, पण बघत कशाकडेच नाहीत.

पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी अंगठ्याची परीक्षा घेतली. ती सगळ्यांचीच होते. मला डोक्यावर एका ठरावीक जागी टेकवायचं, जोर थोडाथोडा वाढवायचा, आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला की तो आकडा लिहून ठेवायचा. त्यावरून पुढचा जोर ठरतो. मग कापडी टोपीवर कपाळाच्या डाव्या बाजूला पेनाने खूण केली आणि काम सुरू झालं.

माझं टोचणं वाईट, हे मी कबूल करते. सुरुवातीला पेन्सिलीने टकटक मारल्यासारखं लागतं. बहुतेकांना आठवड्याभरात सवय होते. ताई बोलल्या काहीच नाहीत, पण चौथ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायलाही हात वर जाईना.

आमच्या सिस्टरला ते बघवलं नाही. बाई मनाने फार चांगली. तिने काय करावं? मी ज्या खोक्यातून आले होते त्यातला फोम तिने जपून ठेवला होता. त्याचा बोटभर जाडीचा, डोक्याची अख्खी डावी बाजू झाकेल एवढा तुकडा कापला आणि ताईंच्या टोपीखाली सरकवला.

“आता बघा बरं, ताई. कमी लागतंय ना?”

ताईंनी मान हलवली. सिस्टरला कोण आनंद झाला!

आणि मी मनात म्हटलं, अगं बाई, कमी लागणारच! माझा जोर असतो तो कपाळाला टेकलेली असते तेव्हाचा. बोटभर लांब सरकवलंत की मी आवाजापुरती उरते. दिवसाला तीन हजार वेळा मी टक करत होते आणि आत काही म्हणजे काही पोहोचत नव्हतं. रोज नोंदवहीत ‘उपचार दिला’ असं लिहिलं जात होतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्या तोंडून टकशिवाय दुसरं काही निघतं का?

असे सोळा दिवस गेले. विसाव्या दिवशी मॅडमनी ताईंना उदासी मोजायचे नेहमीचे प्रश्न विचारले आणि गुणांची बेरीज केली. पहिल्या दिवशी होती तेवढीच. मॅडमनी यजमानांना आत बोलावलं.

“काही जणांना यानेही फरक पडत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “उद्या अंगठ्याची परीक्षा एकदा परत घेऊन बघू. नाहीतर थांबू.”

यजमान नुसतेच “बरं” म्हणाले. ताई चपला घालत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, “म्हणजे हेही नाही.” आणि मग, “अहो, ती मशीन देऊन टाका कुणाला तरी. उगाच धूळ खाते.”

यजमानांनी एकदम भिंतीकडे तोंड फिरवलं. ती मशीन ते रोज पुसत होते, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं होतं. चौदा महिने ज्या आशेवर त्या माणसाने काढले, ती आशाच देऊन टाकायला ताई निघाल्या होत्या. आणि कारण कोण, तर मी. निदान सगळ्यांना वाटत तरी तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. सिस्टरने सवयीने आधीच टोपी चढवली, आत फोम सारला. मॅडमनी मला अंगठ्याच्या जागी टेकवलं, जुना आकडा लावला. टक. अंगठा ढिम्म. जोर वाढवला. टक. ढिम्म.

“कॉइल गेली वाटतं ही,” मॅडम वैतागल्या.

ऐका! इतकी वर्षं राबले, आणि खापर माझ्यावरच! मॅडमनी मला उचललं आणि स्वतःच्या हातावर धरून कळ दाबली. त्यांचा पंजा असा ताडकन उडाला की हातातलं पेन लांब जाऊन पडलं. “आई गं!” त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी टोपी चाचपली. फोमचा तुकडा बाहेर काढला आणि सिस्टरसमोर धरला.

“सिस्टर, हे काय आहे?”

“मॅडम, त्यांना फार लागत होतं हो. रडायच्या. मला वाटलं, तेवढाच आराम...”

“कधीपासून?”

“पाचव्या दिवसापासून.”

मॅडम काही बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला. “त्यांना बोलू नका.” ताई होत्या. “मला दुखत होतं म्हणून केलं त्यांनी. मीही नको म्हटलं नाही.” चार आठवड्यांत एवढी वाक्यं त्यांनी सलग कधी बोलली नव्हती. सिस्टर तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली.

मॅडमनी पडलेलं पेन उचललं. “चूक माझीही आहे, मी मधे एकदा येऊन बघायला हवं होतं. ताई, आपल्याला परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल. जोर आधी कमी ठेवू, मग वाढवू. कॉइल जराशी वळवून लावली की टोचणंही कमी होतं. पण लागेल थोडं. याल का?”

यजमान दारात उभे होते, त्यांनाही ‘हो म्हण’ म्हणायचा धीर होईना. ताईंनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“उद्या येते,” त्या म्हणाल्या.

पुढचे सहा आठवडे मी कपाळाला टेकून काम केलं. केबल तापायची, कवच चटकायचं, मधे पंखा लावून मला गार करायचे. मी चुकारपणा केला नाही. तेराव्या दिवशी सिस्टर टोपी बांधत असताना ताई अचानक म्हणाल्या, “हा बाहीचा मुंढा कुणी कापलाय? हात वर केला की सगळा ड्रेस वर येतो तुमचा.” सिस्टरने लगेच हात वर करून पाहिला. मग चौथ्या आठवड्यात त्या यजमानांवर कडाडल्या, शर्टाचं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलं म्हणून. बाकावर बसून बोलणी खाताना कुणी इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं. तो मनुष्य हसत होता आणि रुमालाने डोळे पुसत होता.

जादू झाली असं समजू नका. मधे दोन दिवस पुन्हा वाईट गेले, अंघोळ न करताच आल्या होत्या. पण तिसाव्या दिवशी बेरीज निम्म्याहून खाली आली होती. निघताना ताईंनी विचारलं, “परत आलं तर?”

“येऊ शकतं,” मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत. “आलं तर परत यायचं. आम्ही आहोत.”

त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. माझ्या कवचाला बारीक चीर गेलीय, केबल मुळाशी ढिली झालीय. कपाटात नवी कॉइल येऊन पडली आहे, अजून खोक्यातच. या महिनाअखेरीला मला उतरवणार असं ऐकते. उतरवू देत. खूप झालं. एकच सांगते, दुखणाऱ्या माणसाला सुख द्यायचं म्हणून त्याच्या नि औषधाच्या मधे आपल्या मनाने काही घालू नका. आधी विचारा.

दार वाजलं की अजून मी आधी चेहरा बघते. ताई नसतात. दुसरंच कुणीतरी असतं, तसंच थकलेलं, मग मी कामाला लागते. पण त्याआधी मनात हुश्श करते. इथे सगळ्यांना ‘या’ म्हणतात. तुम्हाला मात्र मी रोज एकच म्हणते, ताई. येऊ नका.