घासू नका माझे खळगे

मित्रांनो, मी एक जुना शाफ्ट, म्हणजे चरक फिरवणारा पोलादी दांडा आहे. अंगभर हातोडीचे खळगे आहेत आणि त्यांची मला तसूभरही लाज वाटत नाही. मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या एका साखर कारखान्यात उसाच्या चरकाचा सारा भार मीच पेलतो.

दर वर्षी गळीत हंगाम संपला की क्रिस्पीन मिस्त्री गोल तोंडाच्या हातोडीने माझा खांदा, म्हणजे माझी जाडी बदलते ती जागा, इंचाइंचाने ठोकायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केले होते. कोणी कारण विचारले तर म्हणायचे, "दाबून बसवलेल्या कातडीला चीर जात नाही." लोक हसायचे.

मग आबुंदियोसाहेब मॅनेजर म्हणून आले. हंगामाच्या पहिल्या दिवशी पाद्रीबाबा चरकावर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा सारा गाव जमतो.

"देवीचे व्रण उरलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतोय हा," साहेब म्हणाले. "घासून आरसा करा."

मिस्त्री आडवे आले, पण ऐकतो कोण? घासणीच्या चाकाखाली मी भाजून निघालो. चकाकलो, खोटे कशाला बोलू? पण कातडीत एक ओढ, दोन्हीकडे खेचणारा ताण, भरून राहिली. तिसऱ्याच आठवड्यात खांद्यावर चीर उमटली.

साहेबांनी खापर मिस्त्रींवर फोडले. "तुमच्या ठोकाठोकीनंच फुटला. हा जाईल भट्टीत, तुम्ही जा घरी."

"आधी याच्या अंगातला ताण मोजून घ्या, मग दोघांनाही घालवा," मिस्त्री म्हणाले.

मोजायला बंदरावरून इंजिनिअर नेरेइदाबाई आल्या. त्यांनी माझ्या अंगावर नखाएवढ्या पातळ, बारीकशी हालचालही टिपणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि मधोमध बारीक भोक पाडले. भोक पडले की भोवतीचे पोलाद केसभराहूनही कमी सरकते, आणि आत काय कोंडले आहे ते कळते. घासलेल्या जागी ओढ निघाली, चीर उघडणारी. माझ्यावर बसवलेल्या लोखंडी कडीच्या आडोशाला घासणाऱ्याचा हात पोहोचला नव्हता. तिथे खळगे शाबूत होते आणि दाब निघाला. चीर तिथवर येऊन थांबली होती.

"साहेब, हातोडीनंच वाचवलंय याला," बाई म्हणाल्या. "चीर उथळ आहे. कोरून काढा आणि पुन्हा ठोका."

"किती ठोकायचं?" साहेबांनी पुटपुटत विचारले.

"मला काय विचारता? मिस्त्री उभे आहेत की समोर."

पुढच्या हंगामात मी खडबडीत अंगानेच पाद्रीबाबांसमोर आलो. साहेबांनी माझ्यावर कापड टाकायला लावले होते. मिस्त्रींनी ते सगळ्यांदेखत ओढून काढले आणि त्याला हात पुसले.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी निगा राखा. पण चारचौघांत शोभावा म्हणून मला घासू नका. मी ऊस पिळायला जन्मलो आहे, आणि अजून पिळतो आहे.