न जाता परत आलेली सून

मी एक जुनी निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. मित्रांनो, एवढं वाचून पान उलटू नका. सिंहासनावर बसून गेलेली माणसं मोजकीच असतात. माझ्यावर तलाठी बसले आहेत, पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बाई बसल्या आहेत, वीजबिलाची तक्रार ऐकायला आलेले साहेब बसले आहेत, आणि एकदा एक बोकड बसला होता. शांतपणे बसला तो फक्त बोकड.

माझा जन्म सिल्वासाकडच्या एका कारखान्यात झाला. जन्माला यायला मला मिनिटभरही लागलं नाही, त्यामुळे बालपणाच्या आठवणी थोड्या आहेत. आधी गरम होतं, मग गार झालं. भानावर आले तेव्हा मी एका बहिणीच्या मांडीवर होते आणि माझ्या मांडीवर दुसरी बहीण होती. आम्ही पहिल्यापासून एकत्र कुटुंबातल्या.

माणगावच्या एका मंडपवाल्याने आम्हाला विकत घेतलं आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'गणराज मंडप, माणगाव' असं लिहून टाकलं. ती माझी कामाची वर्षं. लग्नं, बारशी, सत्यनारायण, उद्घाटनं. तळ्याच्या एका सभेत भाषण इतकं लांबलं की माणसं एकेक करून उठून गेली. शेवटी वक्ते ज्यांना 'बंधू-भगिनींनो' म्हणत होते, त्या आम्हीच होतो. आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. खुर्चीला दुसरा मार्ग नसतो.

मग कमलेशचं लग्न आलं. हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची एक वस्ती आहे. कमलेश तिथला. मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता. त्याच बोटीवर चादरी धुण्याच्या खात्यात मारिसेल नावाची मुलगी होती, फिलिपिन्सच्या एका बेटावरची. तिचे वडीलही मासे धरणारे. दोघांचं जमलं. कमलेशची आई नीराबाई हिला मात्र ते जमलं नाही. तिने मुलाशी अबोला धरला आणि आलेल्या पाहुण्यांशी दुप्पट बोलून तो भरून काढला. पण हळदीच्या दिवशी संध्याकाळी मारिसेल कोणी न सांगता उठली, काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांना हात लावून पाहिला आणि दव पडायच्या आत सगळे उतरवून घेतले. नीराबाई म्हणाली, "पोरीला काम कळतंय." त्या घरात यापेक्षा मोठा आशीर्वाद नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि माझ्या बहिणींना घेऊन गेला. मी त्या वेळी आत होते. माळ्यावरचं पातेलं काढायला माझ्यावर कोणीतरी उभं होतं. तशी मी राहिले ती राहिलेच. एकाच लग्नातून आम्ही दोघी त्या घरात आलो. फरक एवढाच, की मारिसेलला तिथे राहायला सरकारची परवानगी लागायची आणि मला कोणी काही विचारलं नाही.

घरची माणसं ओट्यावर बसायची. मला आतून बाहेर काढायचं ते फक्त सरकारी माणूस आला की. नीराबाई पदराने मला पुसायची, मग साहेबांना म्हणायची, "बसा." आणि साहेब बसले की वस्ती एकजुटीने खोटं बोलायची.

गैरसमज नको. ती माणसं चांगली आहेत. पण त्यांचा एक पिढीजात नियम आहे: आपलं माणूस कुठे गेलंय हे खाकीला सांगायचं नाही. पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते. तेव्हा कोणाच्या होडीची चौकशी झाली, की होडीवाला घरात झोपलेला असतो. पुढे बंदी असो नसो, सवयच पडली. जनगणनेवाले आले तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्या बाळाजीबाबांना जाऊन आठवडा झाला होता. तरी विचारल्याबरोबर सगळे म्हणाले, "घरातच हायत, झोपलेत." नंतर मृत्यूचा दाखला काढताना फार त्रास झाला, कारण सरकारदरबारी बाबांची झोप चालू होती.

मग एके दिवशी मारिसेलच्या घरून फोन आला. वडील आजारी. कमलेश बोटीवर होता. ती एकटीच निघाली. नीराबाईने तिच्या पिशवीत सुक्या जवळ्याची पुडी कोंबली आणि वळून न बघता आत आली. त्या दिवसांत ती रिकाम्या दुपारी माझ्याजवळ जमिनीवर बसायची. मी आणि मांजर, एवढेच ऐकायला. "बाप तिचा तिकडं," ती म्हणायची. "मानसं तिकडं, समिंदर बी तिकडं. हितं काय हाय? नवरा बोटीव आन् सासू मी." मांजर उठून जायचं. मी बसून राहायचे.

आणि मारिसेल परत आली. वडील बरे झाले होते.

आता नियम ऐका, फार सोपा आहे. बाहेरच्या देशाचं माणूस इथे राहत असेल आणि परदेशी जाऊन आलं, तर ठरलेल्या मुदतीत पोलिसांना कळवायचं, की बाबांनो, मी परत आले. मारिसेलच्या परवान्यावर तसं लिहिलेलं होतं. तिने धक्क्यावर जाऊन, जिथे नेटवर्क येतं तिथे उभं राहून, मोबाइलवरून ते कळवून टाकलं. परवान्याची मुदत संपत आली होती म्हणून वाढीचा अर्जही केला. मग अर्जातलं खरं आहे का हे पाहायला हवालदार काळूराम वस्तीवर आले. मला बाहेर काढण्यात आलं.

मारिसेल तेव्हा म्हसळ्याच्या बाजाराला गेली होती.

"तुमची सून परदेशातून कधी परत आली?" काळूरामदादांनी विचारलं.

"कुठं गेलीच न्हाय," नीराबाई म्हणाली.

"गेली नाही?"

"हितंच असते," शेजारचे चंदरकाका म्हणाले. "मी रोज बघतो."

"मग आत्ता कुठे आहे?"

"आंघोळीला बसलीय."

"आणि तुमचा मुलगा?"

"झोपलाय."

मित्रांनो, कमलेश त्या वेळी कुठल्याशा महासागरात चारशे माणसांचा पुलाव करत होता. पण काळूरामदादा भला माणूस. झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून ते पुढचं सगळं कुजबुजत बोलले. आंघोळ संपण्याची वाट बघत ते माझ्यावर दुपारपर्यंत बसले आणि शेवटी, "बरंच पाणी आहे तुमच्याकडे," असं म्हणून निघून गेले.

दोन दिवसांनी मारिसेलला ठाण्यातून फोन आला. अर्जात लिहिलंय, 'गेले होते आणि परत आले.' अख्खी वस्ती म्हणते, 'गेलीच नाही.' कोणीतरी खोटं बोलतंय. फौजदार मॅडम स्वतः येतील. हे जुळलं नाही तर मुदतवाढ मिळणार नाही आणि देश सोडावा लागेल.

मारिसेलने हे सासूला सांगितलं. नीराबाईने डोक्याला हात लावला, थोडा विचार केला आणि घरोघर जाऊन बजावून आली, "तिला धाडायला बघतायत. आता तर कुनी मुळीच सांगायचं न्हाय."

फौजदार क्रांती मॅडम आल्या. वयाने तरुण, आवाजाने नव्हे. माझ्यावर बसल्या. अंगणात वस्ती जमली. पुढे मारिसेल उभी होती, हातात पासपोर्ट.

"मॅडम, मी गेलेले," ती म्हणाली. नीराबाईकडूनच शिकलेल्या मराठीत.

"न्हाय हो मॅडम," नीराबाई मधे पडली. "तिला मराठी नीट येत न्हाय. तिला म्हनायचंय, न्हाय गेले."

"आये, मी गेलेले ना!"

"गप गं तू. तुला काय म्हायत?"

मॅडमनी पासपोर्ट उघडून शिक्के दाखवले. चंदरकाकांनी लांबूनच मान हलवली. "शिक्क्याचं काय घेऊन बसलात? आमच्या मच्छीमार सोसायटीत कोनी बी मारतं."

मग मारिसेलने मोबाइलमधला तिकडचा फोटो पुढे केला. ती, खाटेवर उठून बसलेले तिचे वडील, मागे किनारा आणि दोन्ही बाजूंना लाकडी हात पसरलेली एक होडी. फोटो सगळ्या अंगणातून फिरला.

"हे आपलंच बंदर," एकीने निकाल दिला.

"होडीला असे हात असतात तुमच्याकडे?" मॅडमनी विचारलं.

"असतात. आत्ता घडी घालून ठेवलेत."

"आणि हे म्हातारे गृहस्थ कोण?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "झोपलेत."

मॅडम उठल्या. त्यांना बहुधा जरा चालायचं होतं. चालताना त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली.

"ही खुर्ची कुणाची?"

"आमची," नीराबाई म्हणाली.

"पहिल्यापासनं," चंदरकाका म्हणाले.

"हितंच असते," सगळे म्हणाले. "कुठं गेलीच न्हाय, आली बी न्हाय."

मॅडमनी पाठीवरचं पुन्हा एकदा वाचलं. 'गणराज मंडप, माणगाव.' मग काळूरामदादांकडे पाहिलं. काळूरामदादा आकाशाकडे पाहत होते. मला वाटलं, आता ओरडणार. पण मॅडम माझ्यावर परत बसल्या त्या हळू बसल्या, आणि नीराबाईला त्यांनी समोर ओट्यावर बसवलं.

"आजी, ऐका. जे तुम्हाला आवडतं ते इथलंच आणि कुठे गेलंच नाही, हे मला कळलं. पण ती गेली याचा सरकारला राग नाही. माणूस आजारी बापाला भेटायला जातोच. सरकारला फक्त 'परत आली' एवढंच ऐकायचंय. गेलीच नाही, तर परत कशी येणार? मग हिचं लिहिलेलं खोटं ठरतं, आणि हिला खरंच पाठवावं लागतं. आता तुम्ही सांगा. काय लिहू?"

नीराबाईने माझ्या हाताला धरलं.

"गेली हुती," ती म्हणाली.

चंदरकाका दचकले. त्या वस्तीत खाकीला असं उत्तर पहिल्यांदाच मिळत होतं.

"बापाला बघाया गेली. मी म्हनलं, आता कशाला येतेय? कोन येतंय आपली मानसं सोडून? म्हनून मी कुनाला सांगितलंच न्हाय की ती गेलीय. सांगितलं की खरं होतंय. आन् एक दिवस रिक्षातून उतरली. पिशवी बी खाली ठेवली न्हाय, आन् म्हनते, आये, बोंबील आत घेतलं का, दव पडंल." तिने पदराने डोळे पुसले. "लिवा मॅडम. आली. परत आली."

मारिसेल खाली बसली आणि सासूच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मॅडम लिहीत होत्या. इथवर सगळं छान चाललं होतं. पण बांध एकदा फुटला की पाणी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

"कमलेश बी झोपलेला न्हाय," नीराबाई म्हणाली. "बोटीव हाय."

"बरं."

"ही खुर्ची मांडववाल्याची हाय."

"ते वाचलं मी."

"मॅडम, आमचा रंगू बी घरात नसतो," मागून एक बाई पुढे आली. "बंदीच्या दिसांत त्यो..."

"आन् माझा मेव्हना..." चंदरकाकांनाही हलकं व्हायचं होतं.

मॅडमनी दोन्ही हात वर केले. "पुरे! मी फक्त परदेशी नोंदणीसाठी आलेय. बाकीचं मला ऐकू आलेलं नाही. काळूराम, तुम्हाला आलं?"

"मी झोपलो होतो, मॅडम," काळूरामदादा म्हणाले.

मुदतवाढ मिळाली. मला मात्र परत पाठवायचं ठरलं. खरं बोलायचं तर पूर्ण, असं मारिसेलचं म्हणणं पडलं. तिने आणि चंदरकाकांनी मला रिक्षाच्या टपाला बांधून माणगावला नेलं. मंडपवाल्याने मला उलटंसुलटं केलं, वही काढली, चष्मा लावला आणि वही मिटली. "गेलेल्या खुर्च्या लिहायला माझ्याकडे जागा आहे," तो म्हणाला. "आलेली खुर्ची कुठे लिहायची ते माझ्या बापानेही आखून ठेवलेलं नाही. आजवर एकही आली नाही. हिला ठेवली तर हिशेबात एक जास्त होते, मग दोन दिवस मोजत बसायचं. घेऊन जा."

आम्ही घेऊन आलो. वाटेत घाटात गार वारा लागला.

आता वस्तीत एक नवीन अडचण आहे. नीराबाईला कळवायची गोडी लागली आहे. मारिसेल म्हसळ्याहून भाजी घेऊन आली, की ती धक्क्यावर जाऊन ठाण्याला फोन लावते.

"हवालदार, सून परत आली."

"आजी, बाजारातून आलेलं कळवायचं नसतं."

"आली का न्हाय? मग लिवा."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज येतो, असं ती घरी येऊन सांगते. मग काळूरामदादा म्हणतात, "लिहिलं, आजी." तेव्हा कुठे ती मासे निवडायला बसते.

तर मित्रांनो, माझी विनंती छोटी आहे. आम्हाला उन्हात टाकू नका. मागच्या दोन पायांवर झुलू नका. पडल्यावर दोष आम्हालाच देता. आणि कोणी लांबून परत आलं, तर कशाला गेला होतास, किती दिवस लावलेस, हे सगळं मागाहून विचारा. आधी 'आलास' म्हणा आणि बसायला द्या. बसायचं आम्ही बघून घेऊ.