डाव्या बरगड्यांआड मी राहत होते

मी प्लीहा बोलतेय. कोण, म्हणून भुवया उंचावू नका. तुमच्याही पोटात, डावीकडे, बरगड्यांच्या आड माझी एक बहीण बसलेली आहे. जुनी माणसं आम्हाला पानथरी म्हणायची. आता तेही नाव कुणी घेत नाही.

राग येणार नाही तर काय? भाषेनंसुद्धा आम्हाला वाऱ्यावर सोडलंय. भूक लागली की तुमच्या पोटात कावळे ओरडतात, लेकरासाठी आतडं तुटतं, संताप आला की पित्त खवळतं. काळजाचं तर विचारूच नका, ते उठताबसता तुटतं नि पिळवटतं. माझ्या वाट्याला मात्र एक साधा वाक्प्रचार नाही!

मी एका रंगाऱ्याची. तो आईच्या पोटात होता तेव्हापासून त्याच्यासोबत. माझ्यापुढे जठर, सदानकदा गुरगुरणारं. पाठीमागे डावं मूत्रपिंड, अबोल आणि कामसू. खालून मोठ्या आतड्याचं वळण जातं आणि डोक्यावरचं श्वासपटल दर श्वासाला मला खाली दाबतं. स्वादुपिंडाचं शेपूट माझ्या दाराशी येऊन टेकतं आणि त्याच्याच कडेनं नागमोडी वळणं घेत माझी रोहिणी येते. आकारानं मी मुठीएवढी, जांभळट, मऊ. पण माझ्यात रक्त इतकं खेळतं की धक्का लागला तर भळाभळा वाहीन.

काम विचाराल तर, थकलेल्या तांबड्या पेशी वेचून मोडायच्या, त्यांतलं कामाचं ते राखायचं, उरलेलं नीलेवाटे यकृताकडे धाडायचं. रक्तात जंतू शिरला तर त्याला गाठायचं. यातलं काही रंगाऱ्याच्या गावीही नव्हतं. जठराला एक आंबट ढेकर आला की घरभर धावपळ, आणि माझी कधी साधी चौकशी नाही.

आमच्या गड्याला एक खोड होती. छताला रंग देताना रंगारी दुहेरी शिडीवर चढतात, तिला ते घोडा म्हणतात. पुढच्या पट्ट्यावर जायचं तर खाली उतरावं, घोडा सरकवावा, पुन्हा चढावं. आमचा गडी उतरायचाच नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकून, कंबरेला हिसके देत तो घोडा वरूनच चालवायचा. डाव्या हातात रंगाचा डबा, उजव्या हातात ब्रश. खालचा सोबती म्हणायचा, "बघा, स्वारी निघाली!" की याला आणखीच चेव. दर हिसक्याला मी जठराच्या मागे अंग चोरून बसायची.

एकदा फरशीवर अंथरलेल्या प्लास्टिकवरून घोड्याचा पाय सटकला. गडी डाव्या कुशीवर आपटला, तोही रंगाच्या बादलीच्या काठावर. बरगड्या शाबूत राहिल्या, मी चिरले. माझं पातळ आवरण कसंबसं टिकलं आणि आतल्या आत रक्त साठू लागलं.

"लागलं का रे?" सोबत्यानं विचारलं.

"छे! शर्ट रंगला तेवढा," असं म्हणून गडी पुन्हा घोड्यावर.

मी जीव तोडून ओरडत होते. पण पोटात राहणाऱ्यांना स्वतःचा आवाज नसतो. ताणलेल्या आवरणातून थेंब थेंब रक्त पाझरून श्वासपटलाला झोंबू लागलं. तिथली नस मानेतून येते, त्यामुळे कळ उठली ती भलतीकडेच, डाव्या खांद्यात.

रंगाऱ्याचा डावा खांदा! सगळ्यांना कारण आयतंच मिळालं.

"दिवसभर त्याच हातात डबा धरायचा. खांदा भरून येणारच," त्याची आई म्हणाली आणि तेल गरम करायला गेली.

पोट जड वाटतंय म्हटल्यावर मेहुण्यानं निदान केलं, "रंगाचा वास पोटात गेलाय. गॅस आहे, दुसरं काही नाही."

झालं! जठरासाठी गोळ्या आल्या, खांद्याची मालिश सुरू झाली. मरतेय मी, आणि लाड या दोघांचे! ती तेलाची वाटी बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेलाच नाही, पडून राहिला. पाय अवघडले असतील म्हणून बायकोनं त्याच्या पायांखाली उशा सरकवल्या. तो किंचाळलाच, "खांदा, खांदा!"

पाय उंचावले की पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाकडे सरकत होतं. तिनं उशा काढल्या, कळ ओसरली. पुन्हा ठेवल्या, पुन्हा तीच कळ.

"पाय वर केले तर खांदा कसा दुखेल?" ती म्हणाली. "आई, हे दुखणं खांद्याचं नाही."

"अगं, तेल मुरू तर दे."

"तेल राहू द्या आता. यांचं तोंड बघा, चुन्यासारखं पांढरं पडलंय. मी रिक्षा आणते."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी डाव्या बरगड्यांखाली बोटं टेकवली मात्र, गडी कळवळला. सोनोग्राफीत पोटभर रक्त दिसलं. माझं आवरण तोवर फाटलं होतं.

"प्लीहा फुटलीय. लगेच काढावी लागेल, नाहीतर हे हाती लागणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"ती काय असते?" गडी स्ट्रेचरवरून पुटपुटला.

ऐकलंत? जन्मभर ज्याचं रक्त गाळलं, तो विचारतोय ती काय असते!

माझ्या रोहिणीला गाठ मारली, नीलेला गाठ मारली आणि मला बाहेर काढलं. रक्त थांबलं. गडी वाचला. नातेवाइकांना दाखवायला बाई मला ट्रेमध्ये घेऊन दारापर्यंत गेल्या. मेहुण्यानं मान फिरवली, आईनं डोळे मिटले. बायको मात्र वाकून बघत राहिली.

"एवढीशी?" ती म्हणाली. "हिच्याशिवाय चालेल यांचं?"

"चालेल. हिचं बरंचसं काम यकृत सांभाळून घेईल. पण जंतूंना अडवायला आता ही नाही. लसी चुकवायच्या नाहीत. आणि अंगात जरा कणकण वाटली तरी घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक इथं यायचं."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "सोसलंस गं बाई."

खरं सांगते, तेवढ्यानं माझा अर्धा राग गेला. अर्धाच.

आता मी तपासणीच्या खोलीत औषधी पाण्याच्या बरणीत आहे. माझे पातळ काप होतील, कुणीतरी ते भिंगाखाली बघेल आणि मी संपेन. त्याची तक्रार नाही. तुम्हाला एकच सांगणं, पोटाला मार बसला तर नुसतं खांदा चोळत आणि ढेकरांची वाट बघत बसू नका. आत आम्ही पुष्कळजण राहतो.

आणि तो रंगारी कुठे भेटला तर त्याला माझा निरोप द्या. बाबा रे, खाली उतर, घोडा सरकव, मग चढ. पुन्हा पडलास तर तुझा खांदा दुखवून तुला सांगायला आता तिथं कुणी नाही.