सोळा आवर्तनं

पॅरिसच्या त्या संगीत विद्यालयात दर जुलैत बासरीची अंतिम परीक्षा होई. तिच्यासाठी दर वर्षी बासरी आणि पियानोची एक नवी रचना लिहून घेत. पोरं बदलत, पियानोवर मात्र बावीस वर्षं ओडील त्रेवूच. अकरा परीक्षार्थी असले की तीच रचना अकरा वेळा.

यंदाच्या रचनेत मधोमध सोळा आवर्तनं एकट्या पियानोची होती. परीक्षेच्या महिनाभर आधीच मुख्य परीक्षक प्रोफेसर लामुरूंनी त्यांवर लाल पेन्सिलीने काट मारली.

"परीक्षा जेवायच्या आत आटपायला हवी, मादाम. इथे पियानो ऐकायला कोण येतंय?"

"पण पुढच्या धावत्या भागाआधी पोरांनी दम कुठे घ्यायचा? लिहिणाऱ्याने ती जागा ठेवलीय ना."

"तुम्ही काय लिहिणाऱ्याच्या मावशी?"

बाकीचे परीक्षक हसले. ओडीलने काट आपल्या प्रतीवर उतरवून घेतली. पण राग काही केल्या शमेना. परीक्षेच्या दिवशी दहा पोरं आली आणि दहाही जण शेवटच्या भागात धापा टाकत कोलमडली. परीक्षक घड्याळं बघत होते.

अकरावी सोलांज केर्ब्रा, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याची मुलगी. नियमाप्रमाणे तिची ही शेवटची संधी. पहिलं बक्षीस मिळालं तर वाद्यवृंदात जागा, नाहीतर गावी जाऊन कारखान्यात सार्डिन मासळीचे डबे भरायचे. पहिला भाग तिने असा वाजवला की परीक्षकांच्या पेन्सिली थांबल्या.

काट आली आणि ओडीलचे हात थांबलेच नाहीत. कापलेली आवर्तनं ती वाजवू लागली. घ्या, ऐका आता.

पण सरावात रोज काटच धरलेली. सोलांजने सवयीने पुढचा सूर फुंकला आणि तो पियानोवर जाऊन आदळला. तिने बासरी खाली घेतली. कोणीतरी खाकरलं. सोळा आवर्तनं ती तशीच उभी राहिली. पुन्हा वाजवायला लागली तेव्हा दम भरपूर होता, पण ओठ थरथरत होते.

बाहेर जिन्यात तिने ओडीलला गाठलं.

"मला आधी सांगायचं होतंत, मादाम."

"मला तरी कुठे ठाऊक होतं, पोरी? तो काटणारा..."

"त्यांच्यावरचा राग त्यांच्यावर काढायचा. बावीस वर्षं होती की तुम्हाला. माझीच दहा मिनिटं सापडली?"

आतून निकालासाठी बोलावणं आलं.

निकाल वाचला गेला. सोलांज केर्ब्रा, दुसरं बक्षीस. भरल्या सभागृहात ओडील उभी राहिली.

"चूक माझी होती," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "मी हिला न सांगता काट मोडली. हिला पुन्हा ऐका. आणि ती काट मारणारे प्रोफेसर लामुरू, हेही लिहून घ्या."

"निकालावर सह्या झाल्यात, मादाम. बसा," लामुरू म्हणाले.

"नाही बसणार."

"मादाम त्रेवू, तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.