तुकाबाईच्या हाताचा गुण

आजारी मेंढी उठून चरायला लागली की औषधाची सुई बंद, हा मेंढरं राखणाऱ्या तुकाबाईचा कायदा. एका बाटलीत वीस मेंढ्या उठवायच्या न् तळाला राहील ते पुढच्या दुखण्याला ठेवायचं. पिंपळवंडीपासून पेठपर्यंत ज्याच्या रानात मेंढरं बसतील, तिथली माणसं म्हणायची, "बाईच्या हाताला गुण हाय!" कौतुक कुणाला कडू लागतंय? बाईला वाटायला लागलं, आपण अर्ध्या डाक्टर झालो.

तोच कायदा तिनं नातीला लावला. श्रेया साडेतीन वर्षांची. औंदा पोरीला तिसऱ्यांदा खोकला-ताप आला होता. दर खेपेला तुकाबाई मेडिकलातनं आणलेली गोळी मधात कुटून गुपचूप चाटवायची. पोर कोकरामागं पळायला लागली की गोळी बंद. सून हिरा शिकलेली, तिला कळलं तर कटकट नको. या खेपेला मात्र ताप हलेना. बरगड्या आत ओढायला लागल्या, नाकपुड्या फुलायला लागल्या. अशी धाप लागून कितीतरी मेंढ्या तुकाबाईच्या मांडीवर गेल्या होत्या. भाड्याची जीप करून सासू-सुनेनं पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं.

नूतन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. "न्यूमोनिया आहे. आधी कुठलं औषध दिलं होतं का?"

हिरानं सासूकडं बघितलं, सासूनं भिंतीकडं.

"न्हाई. तुळशीचा काढा तेवढा," तुकाबाई म्हणाली.

"तेवढाच," हिरा म्हणाली.

दोन दिवस सुया चालल्या. ताप होता तिथंच. तुकाबाईचा पाय एका जागी ठरेना. खाटेपासून नळापर्यंत, नळापासून खाटेपर्यंत. नर्स वैतागली, "आजी, बसा की जरा! बघून बघून मलाच गरगरायला लागलंय."

"बसू कशी बाई? बुडाखाली इंगळ हायेत माझ्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई खाटेपाशी लई वेळ थांबल्या. "या इंजेक्शननं ताप उतरायला हवा होता. रक्त पुण्याला पाठवलंय, उद्या कळेल. पण हे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले, तर अवघड आहे."

उद्या! तुकाबाईनं नातीकडं पाहिलं. ओठ सुकून पापुद्रे निघाले होते. सांगावं तर सुनेसमोर अब्रू जाते, न सांगावं तर पोर जाते. असल्या येळी कसली आलीय अब्रू? जळो ती! दारापर्यंत गेलेल्या डॉक्टरीणबाईंचा तिनं मागनं हातच धरला.

"बाय, म्या खोटं बोलले. गोळी दिली मी. तीनदा. ताप उतरला की बंद करायची."

"नाव?"

तुकाबाईनं कनवटीचं गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. वाचता वाचता बाईंच्या कपाळाला आठी पडली. "आजी, अर्ध्या औषधानं कच्चे जंतू मरतात. निबर असतात ते उरतात, न् मग त्यांचीच पिलावळ वाढते. त्या औषधाला ते मग भीक घालत नाहीत, आणि आपली सुईही त्याच जातीची आहे."

तुकाबाईचं तोंड काळवंडलं. आता सून चारचौघांत झाडणार म्हणून ती मान घालून उभी राहिली. हिरा मात्र पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

"आत्या, मीबी दिलं. पातळ औषध. तुमी मेंढरांमागं गेला की."

"कवा?"

"दर खेपेला. तुमी वरडाल म्हनून बोलले न्हाई. ताप उतरला की मीबी बंद करायची."

तुकाबाईच्या तोंडात शिवी आली होती, ती तिनं गिळली. द्यायची कुणाला?

"परवाच बोलला असता तर दोन दिवस वाचले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अहवालाची वाट न बघता त्यांनी तेव्हाच सुई बदलली. "हे भारी औषध आहे. याच्या पुढची फार थोडी उरलीत."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून कागद आला, त्यातही तेच होतं. जुन्या औषधाला जंतू दाद देत नव्हते. त्या रात्री ताप उतरायला लागला न् सकाळी श्रेयानं डोळं उघडलं. "आजे, भूक लागली." तुकाबाई खाटेचा दांडा धरून भडभडून रडली. सासू-सुनेनं मिळून पोरीला पेज भरवली.

तेवढ्यात पिंपरी पेंढारच्या रानातनं तुकाबाईच्या नवऱ्याचा, राघूचा फोन आला. मागं मेंढरांचा कालवा चालला होता.

"नवी सुई लागू पडली न्हवं?"

"पडली. देवाची किरपा."

"मंग नाव लिहून आन तिचं. हितं चार मेंढ्या खोकाय लागल्यात."

"जिभंला हाड हाय का तुमच्या?" तुकाबाई कडाडली. "तुकड्या-तुकड्यानं दिऊन आपुनच ते जंतू निबर केलं. आता ही बी उधळली तर उद्या पोरीला काय दिऊ, लिंबाचा पाला? जनावराच्या डाक्टरला बलवा, न् तो सांगंल ते सांगंल तेवढं दिस द्या!"

राघू हळूच म्हणाला, "बरं बाई, ऱ्हायलं. पर पोरीचं झाल्याव बाटलीत थोडं उरलंच, तर..."

तुकाबाईनं फोन सुनेच्या हातात कोंबला. "तूच बोल. माझ्या तोंडातनं काय निघंल त्याचा भरवसा न्हाई."

सासऱ्यापुढं हिरानं आजवर कधी आवाज चढवला नव्हता. तिनं पदर सावरला.

"मामंजी, थेंबबी उरनार न्हाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.